या तासात शून्य

मार्चचा तिसरा आठवडा होता, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ब्रॅडबरी माउंटनच्या माथ्यावर वारा असा की थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंतच निम्मा गार होत होता. खडकाच्या सावलीत अजून बर्फ होता. आम्ही तिघं-चौघंच होतो वर, आणि हॉकवॉचचा तो पंचविशीतला मुलगा, ज्याला पूर्ण सीझन रोज इथे बसून उत्तरेकडे जाणारे शिकारी पक्षी मोजायचं काम असतं. कुत्रा घेऊन एक बाई चढून आल्या, दम खात विचारलं, काही दिसलं का? तो म्हणाला, "या तासात शून्य." मग एक हातमोजा दातांनी ओढून काढला, वाऱ्याची दिशा बघितली, तापमान लिहिलं, ढग किती, किती लांबचं दिसतंय, किती माणसं बघतायत, हे सगळं त्या त्या रकान्यात लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात शून्य काढलं. नीट, गोल, पेन परत एकदा फिरवून. बाई अगदी मनापासून हळहळल्या, अरेरे, म्हणजे तास फुकटच गेला की तुझा. तो म्हणाला, फुकट कसा, शून्य आलं ना.

त्या बाई गेल्या कुत्र्यामागे उतरून. माझ्या डोक्यातून मात्र ते शून्य काही गेलं नाही, घरी आले, स्वयंपाक केला, मुलाचा अभ्यास घेतला, तरी ते तिथेच. कुणीतरी दिवसभर थंडीत बसतं आणि काहीच आलं नाही हे लिहून ठेवतं, तेही इतक्या काळजीनं, ह्याचं मला नक्की काय वाटतंय तेच समजेना. थोडंसं रडू आल्यासारखं झालं होतं आणि कारण सापडत नव्हतं.

ब्रॅडबरी म्हणजे काही सह्याद्री नाही. जेमतेम ४८५ फूट उंची, पायथ्यापासून दमात चढलं तर पंधरा मिनिटांत माथा. मी पोर्टलँडला राहते, तिथून अर्ध्या तासावर पाउनल नावाचं छोटं गाव आणि त्याच्याकडेला हे स्टेट पार्क. पण माथा उघडा आहे, ग्रॅनाइटचा सपाट कातळ, आणि दक्षिणेकडे सगळं मोकळं, हवा स्वच्छ असली की कॅस्को बेची बेटंही दिसतात. मेनचा किनारा ईशान्येला सरकत जातो, वसंतात दक्षिणेकडून वर येणाऱ्या पक्ष्यांना उघड्या समुद्रावर जायचं नसतं, मग ते किनारा धरून आत आत चालतात आणि त्यातले बरेचसे ह्या टेकाडावरून जातात. २००७ पासून इथे दरवर्षी १५ मार्च ते १५ मे मोजणी होते. पहिल्यांदा मी आले ती मुलाच्या शाळेच्या कुठल्यातरी प्रोजेक्टपायी, मग मुलगा यायचा बंद झाला आणि मी येत राहिले.

मार्चमध्ये येतात ती मुख्यतः टर्की व्हल्चर्स. म्हणजे गिधाडंच. आपल्या गिधाडांशी ह्यांचं जवळचं नातं नाही, कुळच वेगळं, पण डोकं तसंच बिनपिसांचं, काम तेच. पंख वर उचलून इंग्रजी व्ही करून उडतात आणि वाऱ्यात जरा डुगडुगतात, त्यावरून खूप लांबून ओळखता येतात. इथले जुने लोक सांगतात की त्यांच्या लहानपणी मेनमध्ये हे गिधाड दिसणं म्हणजे बातमी असायची, आता मार्च लागला की येणारच. पहिल्या वर्षी त्या खडकावर बसून मी ओळीनं सात-आठ गिधाडं बघितली, खालच्या झाडांवरून वर आली, डोक्यावरून गेली, आणि शेजारची आजीबाई उत्साहानं मला सांगत होती बघ बघ, पंखाची मागची बाजू चंदेरी दिसते बघ, आणि मला ऐकूच येत नव्हतं, कारण मी पारनेर तालुक्यात पोचले होते.

आमच्या गावाला ओढ्यापलीकडे मेलेली ढोरं टाकायची जागा होती. शाळेतून येताना तिकडून यायचं नाही अशी आजीची सक्त ताकीद, म्हणून आम्ही तिकडूनच यायचो. तिथल्या दोन मोठ्या लिंबांवर गिधाडं बसलेली असायची, खांदे वर काढून, मान आत घेऊन, आणि खाली ढोर असेल त्या दिवशी तर पाचपन्नास जमिनीवर. वास पोटात ढवळायचा. आवाज मात्र अजून कानात आहे, एकमेकांवर फिस्कारणं, खरखरीत ओरडणं, आणि वरून एखादं उतरायला लागलं की पंखांतून वारा कापत यायचा तो आवाज. उडायच्या आधी पंख पसरून धावायची चार पावलं, जड अंगाची, आम्ही हसायचो. दुपारपर्यंत बैलाचा नुसता सांगाडा उरलेला असायचा, स्वच्छ. त्यांच्याबद्दल कुणाला प्रेम वगैरे नव्हतं, अशुभच मानायचे, घरावर बसलं तर शांत करायला लागायची. पण ती होती. पाऊस, ओढा, लिंब जसे होते तशी होती, मोजायचं कशाला.

आणि मग ती नव्हती.

त्या खडकावरून घरी आल्यावर मी तात्यांना फोन लावला, थोरले काका माझे, सगळी शेती त्यांच्याच हातात होती, गावातली कुठली विहीर कुठल्या साली आटली तेही सांगतात. म्हटलं तात्या, आपल्याकडची गिधाडं कधी गेली हो? बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं कधी गेली ते कुठं कळलं कुणाला? यायची बंद झाली एवढंच." मागून काकू म्हणाली, पमीच्या लग्नात होती की, मांडव घातला तेव्हा गण्यानं दगड मारून उडवली होती. तात्या म्हणाले, ती घार होती. नाही हो, गिधाडंच, तुम्ही कुठं होता तेव्हा, तुम्ही नगरला सामान आणायला गेलेला. मग धाकट्याच्या बारशाला बैल मेला होता तो कुत्र्यांनीच खाल्ला हे दोघांनाही आठवलं, म्हणजे पमीचं लग्न आणि धाकट्याचं बारसं ह्याच्या मधे कधीतरी. मधे सहा-सात वर्षं आहेत. आमच्या अख्ख्या गावाला एवढंच सांगता येतं. हजारो वर्षं जी आमच्या डोक्यावर होती ती ह्या सहा-सात वर्षांत कधीतरी गेली आणि कुठल्या महिन्यात शेवटचं गिधाड त्या लिंबावर बसलं हे जगात कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

रागही येतो आणि रागवायचं कुणावर तेही कळत नाही. दुष्काळात पाण्याचे टँकर मोजणाऱ्या माणसांनी गिधाडं मोजावीत असं मी कुठल्या तोंडानं म्हणू.

पण कुठेतरी कुणीतरी मोजत होतं, म्हणून तर पुढचं समजलं. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, विभू प्रकाश १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते, तेव्हा तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या वर घरटी होती. दहा वर्षांनी परत मोजलं तर जवळजवळ नाहीत, नव्वद-पंच्याण्णव टक्के घट. आधीचे आकडे वहीत होते म्हणून तो धक्का कागदावर आला, नाहीतर सगळ्या देशाचं आमच्या तात्या-काकूंसारखंच झालं असतं, असेल कुठेतरी, घार होती का गिधाड होतं. मग शोध सुरू झाला, रोग आहे का, विष आहे का, आणि शेवटी कळलं डायक्लोफेनॅक. बैल लंगडला, गाय तापली की टोचायचं साधं दुखणं कमी करायचं औषध. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडांची घरटी जपली, तिकडे अजून दिसतात म्हणतात. आमच्या ओढ्यापलीकडे मात्र भटकी कुत्रीच आहेत, संध्याकाळनंतर पोरांना तिकडे सोडत नाहीत.

खडकावरची ती आजीबाई, वय ऐंशीच्या आसपास असेल, फोल्डिंग खुर्ची आणि दोन ब्लँकेट घेऊन चढते, तिला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली आमचं पण काही वेगळं नव्हतं ग, आम्ही तर गोळ्या घातल्या. मग तिनं पेनसिल्व्हानियातल्या हॉक माउंटनचं सांगितलं, मी नाव ऐकलं होतं फक्त. दर शरदात तिथल्या कड्यावर माणसं बंदुका घेऊन उभी राहायची आणि वरून जाणारे ससाणे, गरुड, हॉक टिपायची, मजा म्हणून, शिवाय गॉसहॉक मारला तर सरकार पाच डॉलर द्यायचं. १९३२ मध्ये रिचर्ड पाउ नावाच्या माणसानं मेलेले पक्षी जमिनीवर ओळीनं मांडून फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कच्या रोझली एजनं बघितले आणि १९३४ मध्ये तिनं तो डोंगरच भाड्यानं घेतला, राखणीला मॉरिस ब्रून आणि त्याची बायको इर्मा. बंदुका थांबल्या. आणि राखण करता करता ब्रूननं जाणारे पक्षी मोजायला सुरुवात केली, मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर मोजत राहिला.

आणि मग पंचवीस वर्षांनी ती वही उपयोगाला आली. ब्रूननं नुसते गरुड मोजले नव्हते, त्यातले लहान किती तेही लिहिलं होतं, बाल्ड ईगलचं डोकं पाचेक वर्षांचं होईपर्यंत पांढरं होत नाही त्यामुळे उडतानाही समजतं. १९३५ ते ३९ मध्ये दर शंभर गरुडांत चाळीस लहान होते. १९५५ ते ५९ मध्ये वीस. १९५७ ला तर बत्तीस मोठ्यांमागे एकच लहान. म्हणजे गरुड दिसत होते, म्हातारे होत होते, पण पिल्लं होत नव्हती. लेखिका रेचल कार्सननं १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या पुस्तकात हे आकडे घेतले, डीडीटी ह्या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यात. ती उन्हाळ्यात इथेच यायची, साउथपोर्टला, मेनच्याच किनाऱ्यावर. डीडीटीनं अंड्यांची कवचं पातळ होतात हे पुढे पक्कं झालं, १९७२ ला अमेरिकेत त्यावर बंदी आली, आणि आज ब्रॅडबरीवर एखादा गरुड गेला की कुणी फारसं दचकतही नाही. आजीबाई म्हणाली, मी लहान होते तेव्हा आम्हाला ऑस्प्रेचं, मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याचं, घरटं बघायला मुद्दाम गाडीतून नेलं होतं वडलांनी, आता प्रत्येक खाडीला खांबावर घरटं आहे. तोच ऑस्प्रे जो हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतो.

हे ऐकल्यापासून मी मोजणी नीट शिकायचं ठरवलं. बाहेरून बघताना वाटतं की पक्षी दिसला की लिहिला, तसं नाहीये. एक म्हणजे जो इथलाच आहे, समोरच्या जंगलात घरटं करणारा, दिवसभर चकरा मारणारा रेड-टेल्ड हॉक, तो धरायचा नाही, जो येतो आणि उत्तरेला जातो तोच धरायचा, त्यामुळे प्रत्येकाला नजरेनं पार सोडून यायला लागतं. दुसरं आकाश. मला वाटायचं निळंभोर आकाश म्हणजे सगळ्यात चांगला दिवस, पण निळ्यात पक्षी हरवतो, डोळा कुठे ठेवायचा तेच कळत नाही, पांढरे ढग हवेत, ढगावर ठिपका लगेच उठून दिसतो. तिसरं म्हणजे ओळख रंगावरून नाही, चालीवरून. शार्प-शिन्ड हॉक, दुरून बघितला तर आपला शिक्राच, तीन-चार वेळा पंख मारतो आणि जरा तरंगतो. ऑस्प्रेचे पंख मोडल्यासारखे वाकलेले. हॅरियर म्हणजे आपला भोवत्या, कमरेवर पांढरा पट्टा. आणि ज्याची ओळख पटली नाही तो अनोळखीच्या रकान्यात जातो. एकदा एक पक्षी उन्हाच्या तिरपीत निसटला, चौघांनी चार नावं घेतली, त्यातले दोघं तीस-तीस वर्षं बघणारे, आणि त्या मुलानं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि अनोळखी लिहिलं. कुणी हुज्जत घातली नाही. मला ते फार आवडलं होतं.

एप्रिल सरायला आला की माथ्यावर गर्दी होते, कारण ब्रॉड-विंग्ड हॉक यायला लागतात. हिवाळा मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काढून, मेक्सिकोच्या निमुळत्या भागातून परत वर, हजारो किलोमीटर, आणि पक्षी केवढा तर अर्धा किलोसुद्धा नाही. शरदात हेच आणि ह्यांचे सोबती मेक्सिकोतल्या वेराक्रूझवरून दक्षिणेला जातात तेव्हा तिथे एका सीझनला चाळीस लाखांच्या वर शिकारी पक्षी मोजले जातात. इथे एवढे नाहीत, इथे ते विखरून पोचतात. मागच्या वर्षी दोन-तीन दिवस पाऊस होऊन गेला आणि मग नैऋत्येचा कोमट वारा सुटला तो दिवस मला मिळाला. खडक तापला होता, पाईनचा चिकट वास येत होता, सगळ्यांनी जॅकेटं काढून ठेवलेली. दहाच्या सुमाराला कुणीतरी म्हणालं, उजवीकडच्या ढगाखाली. मला आधी काहीच दिसेना. मग एक ठिपका. मग त्याच्याच वर तीन. मग दुर्बिणीचं सगळं वर्तुळच भरून गेलं, वर जाणाऱ्या गरम हवेत एकमेकांच्या आतबाहेर फिरणारे पन्नास-साठ हॉक, पंख न हलवता, गोल गोल उंच चढत. ह्याला इथे केटल म्हणतात. मी मोजायला लागले तर शेजारचा म्हणाला, आत्ता नको, फिरत असताना मोजलं तर तोच तोच परत मोजला जातो, थांब. आणि खरंच, वर पोचल्यावर एकेकानं पंख ताणून धरले आणि सुटला, एकामागे एक, वारीतल्या दिंडीसारखे, सरळ उत्तरेला, पुढच्या गरम हवेच्या शोधात. तेव्हा मोजायचं. त्या मुलाच्या हातातला क्लिकर टकटकटक वाजत होता, बाकी एक अक्षर कुणी बोलत नव्हतं. शेवटचे चार-पाच इतके खालून गेले की शेपटीवरचा काळा-पांढरा पट्टा आणि पंखांची काळी किनार नुसत्या डोळ्यांनी दिसली, ऊन पंखांतून आरपार येत होतं. शेवटचा गेल्यावर आम्ही सगळे एकदम ओरडलो. आजीबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर दुखत होता.

त्याच दिवशी दुपारी समुद्रावरचा वारा आत आला, गार, आणि आकाश रिकामं झालं. चार ते पाचच्या तासात शून्य. त्या मुलानं ते तसंच लिहिलं, मार्चमध्ये लिहिलं होतं तसंच, आणि ह्या वेळी मला कळत होतं की सकाळच्या त्या शेकड्यांना वजन येतं ते ह्यामुळे. बसलेलं कुणी नसेल तर रिकामं आकाश आणि न बघितलेलं आकाश ह्यात फरकच राहत नाही, पुढे वही उघडणाऱ्याला दोन्ही कोरंच दिसणार. आमच्या गावाच्या त्या सहा-सात वर्षांचं तेच झालं. तिथे शून्यसुद्धा नाहीये. शून्य असतं तरी मी आज त्याच्यावर बोट ठेवून म्हटलं असतं, हे बघा, ह्या पावसाळ्यापासून.

वसंताच्या मोजणीची अजून एक गोष्ट मला छळते. शरदात जातात त्यात त्या वर्षीची पिल्लं असतात, म्हणून आकडे मोठे. वसंतात परत येतात ते हिवाळ्यातून वाचलेले, वादळं, भूक, तारा, काचा, बंदुका सगळ्यातून पार पडून घरटं करायला निघालेले. म्हणून ह्या टेकाडावरचा प्रत्येक पक्षी मला जास्त वाटतो. आणि त्यातही केस्ट्रेल. आपल्या खरूचीचा अमेरिकन भाऊ, चिमुकला, तांबूस पाठीचा, गवतावर एका जागी पंख मारत थांबणारा. ह्या पूर्व भागात तो वर्षानुवर्षं कमी होत चाललाय आणि त्याचं एकच एक कारण अजून हाताला लागलेलं नाही. एखादा गेला की खडकावर सगळ्यांचा चेहरा उजळतो आणि लगेच कुणीतरी विचारतं, आत्तापर्यंत किती झाले ह्या वर्षी, आणि आकडा ऐकून परत गप्प. डीडीटीच्या वेळी वही होती, भरतपूरला वही होती, ह्याचीही वही भरतेय, कारण सापडेपर्यंत ती भरत राहायला पाहिजे एवढंच आपल्या हातात.

परक्या देशातल्या पक्ष्यांसाठी मी एवढी का झटते असं माझी बहीण विचारते, इकडे आपल्याकडे काय कमी आहेत का. तिचं बरोबर आहे आणि मला ते लागतंही. नोव्हेंबरमध्ये लोणावळ्याच्या पठारावर अमूर ससाणे उतरतात, सैबेरियाकडून आफ्रिकेला जाताना, आणि आता पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं तिथे जाऊन बघतात, ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकतात. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल अशाच हजारो लोकांच्या याद्यांवर उभा राहिला आणि त्यातही शिकारी पक्ष्यांची पडझड दिसतेच आहे. तात्यांच्या नातवाला मी गेल्या दिवाळीत दुर्बीण दिली. तो कॉलेजला नगरला जातो, शनिवारी घरी येतो. ओढ्यापलीकडे कुत्र्यांमुळे जायचं नाही असं बजावून, लिंब दिसतात त्या गच्चीवरून सकाळी अर्धा तास बघ आणि जे दिसेल ते लिही म्हटलंय, काही नाही दिसलं तर तेही लिही. सुरुवातीला म्हणायचा, आत्या, घार सोडून काहीच नसतं, काय लिहू. म्हटलं घार किती, आणि गिधाड शून्य, तारीख आणि वेळ घालून. लिहितोय बिचारा.

न्यू इंग्लंडमधल्या कुणाला यायचं असेल तर सांगून ठेवते, एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि नैऋत्येचा वारा असेल तो दिवस धरा, बॉस्टनहून निघालात तर सव्वादोन-अडीच तास, पायथ्याला पार्किंग आहे, दुर्बीण नसली तरी वर कुणीतरी देतं. पण जमलं तर मार्चमध्येही या. बुटांना लावायचे खिळे आणा, वाटेवर बर्फ घट्ट झालेला असतो, आणि चहा जास्तीचा आणा, त्या मुलासाठी. मार्चमध्ये बघणाऱ्यांच्या रकान्यात बऱ्याचदा एकच माणूस असतो.